दाबोळी ते मोपा: गोव्यातल्या दोन विमानतळांमधला प्रवास

गोव्याचे विमान तिकीट काढताना शहराचे नाव ‘गोवा’ दिसले की आपण निश्चिंत होतो. त्या नावाशेजारची तीन अक्षरे मात्र वाचायलाच हवीत. जीओआय म्हणजे वास्कोजवळची दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे पेडणे तालुक्यातला मोपा. घ्यायला आलेली गाडी एका विमानतळावर आणि माणूस दुसऱ्यावर, असे झाले तर किमान दीड तास गेलाच म्हणून समजा.

दोन विमानतळ कसे झाले

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज काळातली, 1955 सालची. गोवा मुक्तीनंतर ती नौदलाकडे आली आणि आजही तिथे ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ आहे. नौदलाच्या सरावासाठी सकाळचे काही तास राखून ठेवावे लागत असल्याने प्रवासी विमानांना हवी ती वेळ मिळत नसे. पर्यटक वाढत गेले तशी ही अडचण जास्तच जाणवू लागली. मोपाच्या सड्यावर उभ्या राहिलेल्या नव्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर 2022 मध्ये झाले. 5 जानेवारी 2023 पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. मनोहर पर्रीकरांचे नाव या विमानतळाला दिले आहे. दाबोळीही बंद झालेली नाही, म्हणून तर तिकीट नीट बघून घ्यायचे.

चाळीसचे साठ कसे होतात

सरळ रेष ओढली तर दोन्हींमध्ये सुमारे 40 किलोमीटर आहेत, पण रस्त्याने साधारण 60 तरी पडतात. गोव्याच्या नद्या पूर्वेकडून येऊन पश्चिमेला समुद्राला मिळतात आणि हा प्रवास दक्षिणोत्तर आहे. त्यामुळे प्रत्येक नदी पुलापाशी जाऊनच ओलांडावी लागते, आणि अशा तीन नद्या वाटेत आहेत.

दाबोळीहून चिखली, सांकवाळ करत कुठ्ठाळीला आलात की झुआरी लागते. इथल्या जुन्या पुलावरच्या रांगा गोवेकर विसरणार नाहीत. नव्या पुलाचा पहिला भाग 2022 च्या अखेरीस आणि दुसरा वर्षभराने खुला झाला, आणि या वाटेवरचा सर्वांत मोठा अडसर दूर झाला. माझ्या मते मोपाइतकेच या पुलानेही गोव्यातले अंतर बदलले. पुढे आगशी, बांबोळी आणि पणजीजवळ मांडवी. 2019 मध्ये खुला झालेला अटल सेतू शहरात न शिरता पलीकडे पर्वरीला नेतो. म्हापसा मागे टाकल्यावर कोलवाळला शापोरा नदी ओलांडायची. मग धारगळला महामार्ग सोडून जोडरस्त्याने मोप्याला वर चढायचे.

वेळ किती धरावा

रस्ता मोकळा असेल तर सव्वा ते दीड तास. संध्याकाळी, जोराच्या पावसात किंवा डिसेंबरच्या गर्दीत दोन तास धरा, पर्वरी-म्हापसा पट्ट्यात त्याहून जास्तही लागू शकतात.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असेल तर हिशेब असा: सामान हाती येऊन बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास, वाटेत दोन तास आणि देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी हजेरी. म्हणजे पाच तासांहून कमी अंतर असलेली दोन तिकिटे घेऊच नयेत. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक तास वाढवावा.

कुणाला कुठला जवळ

मडगाव, कोलवा, काणकोणला जाणाऱ्यांनी दाबोळी बघावी. हरमल, मोरजी, म्हापशासाठी मोपा. पणजी मधोमध असल्याने तिथल्यांनी तिकिटाचा दर आणि विमानाची वेळ बघून ठरवावे.

मोप्याचा खरा लाभ सिंधुदुर्गाला झाला आहे. बांदा, सावंतवाडीच्या माणसाला दाबोळी गाठायची तर या तिन्ही नद्या ओलांडाव्या लागत. मोपा मात्र महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की वाटेत यांतली एकही नदी येत नाही.