छाबुआ ते कुनमिंग : एका खेपेची किंमत

एप्रिल १९४२ मध्ये जपानी फौजांनी बर्मातलं लाशियो घेतलं आणि चीनला रसद पोचवणारा बर्मा रोड बंद पडला. चीन लढत राहायला हवा, तर पेट्रोलपासून दारूगोळ्यापर्यंत सगळं विमानानंच न्यायला हवं होतं. आसामातल्या छाबुआ, दिंजान, जोरहाटच्या धावपट्ट्यांवरून उडायचं आणि सुमारे ५०० मैलांवर कुनमिंगला उतरायचं. अमेरिकी वैमानिक पूर्व हिमालयावरच्या या वाटेला ‘हंप’ म्हणत. १९४५ पर्यंत तिथून साधारण साडेसहा लाख टन माल गेला. त्यापायी सुमारे ६०० विमानं पडली आणि दीड हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

शत्रूच्या गोळ्यांनी त्यातली थोडीच विमानं पडली. उत्तर बर्मातल्या मिचिनाच्या तळावरच्या जपानी लढाऊ विमानांचं भय होतंच; ते टाळायला मालवाहू विमानं आणखी उत्तरेला, अधिक उंच डोंगरांवरून जात. खरा घात करत ते हवामान आणि यंत्र. दोन इंजिनांचं सी-४६ विमान पेट्रोलच्या पिंपांनी खच्चून भरलेलं. ब्रह्मपुत्रेच्या सपाटीवरून निघून १५,००० फुटांची रांग ओलांडायची. वाटेत ढगात शिरलं की पंखांवर बर्फ चढायचा, कार्ब्युरेटर गोठून इंजिन बंद पडायचं. एका इंजिनावर एवढं ओझं उंचीवर टिकत नसे. मग दार उघडून पिंपं एकेक करून बाहेर ढकलायची. तेवढ्यानं भागलं नाही, तर पॅराशूट बांधून अंधारात, खालच्या जंगलात उडी. त्यातच सी-४६ पुरेशा चाचण्यांआधी १९४३ मध्ये या वाटेवर आणलेलं. काही विमानांचा हवेतच स्फोट झाला. गळणारं पेट्रोल पंखाच्या मुळाशी साचतं, हे पुढं कळलं.

पण सगळा दोष हिमालयावर घालणं मला मान्य नाही. उड्डाणाचे ६५० तास भरले की वैमानिकाला मायदेशी परतता येई. साहजिकच घरच्या ओढीनं पोरं दिवसरात्र उडत, अपुऱ्या झोपेनं पुन्हा कॉकपिटमध्ये बसत. वरून महिन्याच्या टनांचा तगादा. वादळ असो, विमान सुटलंच पाहिजे.

सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकी लष्करी अधिकारी विल्यम टनर यांनी या वाहतुकीची सूत्रं घेतली. त्यांनी ७५० तास आणि किमान वर्षभर मुक्काम अशी अट घातली, त्यामुळे घाईत अर्थ उरला नाही. विमानांची देखभाल टप्प्याटप्प्यानं, ठरलेल्या क्रमानं होऊ लागली. वैमानिकांच्या तपासण्या कडक झाल्या. मिचिना हाती आल्यानं दक्षिणेची सखल वाट मोकळी झाली, चार इंजिनांची सी-५४ आली, हेही खरं. जानेवारी १९४४ मध्ये दर हजार तासांमागे जवळजवळ २ अपघात होत. वर्षभरानं ते प्रमाण ०.३ वर आलं. माल मात्र वाढतच गेला. जुलै १९४५ या एका महिन्यात तो ७१,००० टनांवर पोचला. माणसाला विश्रांती दिल्यानं रसद आटत नाही, हे आधीच्या अधिकाऱ्यांना दिसायला हवं होतं.

१९४८ मध्ये वेढ्यात अडकलेल्या बर्लिनला रसद पुरवायचं काम टनर यांच्याकडेच आलं. तिथंही त्यांनी धोका टाळणारा नियम केला : पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही, तर घिरट्या घालायच्या नाहीत, माल घेऊन तसंच माघारी फिरायचं.