घाट उतरताना इंजिन का चिकटतं?

डिसेंबर १९८३मध्ये आपल्याकडे आलेल्या मारुती ८००चं जपानी भावंड म्हणजे १९७९ची सुझुकी अल्टो. अंगकाठी तीच, पण बॉनेटखाली ५३९ सीसीचं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. आपल्या वाट्याला फोर-स्ट्रोक आलं, आणि चिमुकल्या टू-स्ट्रोक मोटारींचा जपानी जमाना आपल्याला बघायलाच मिळाला नाही. संपादकांनी त्यावर लेख मागितला, तेव्हा मी रायपुरातल्या एका जुन्या टू-स्ट्रोक रिक्षा मिस्त्रींना गाठलं.

जपानने १९५५मध्ये छोट्या गाड्यांसाठी ३६० सीसीची मर्यादा ठरवली. त्याच वर्षी सुझुलाइट आली, १९५८मध्ये सुबारू ३६०. दोन्हींत टू-स्ट्रोक इंजिन: व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. म्हणून इंजिन हलकं आणि स्वस्त.

मिस्त्रींनी एक पिस्टन हातात दिला. एग्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, रिंग खाचेतच घट्ट रुतलेली. "केशकाल उतरा होगा, रेस छोड़ के," ते म्हणाले. जगदलपूरच्या रस्त्यावरचा केशकाल घाट बस्तरला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच पंपाचं काम करते, म्हणून तिथे तेल साठवता येत नाही. ते पेट्रोलमध्ये मिसळूनच आत जातं. उतारावर रेस सोडली की पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. चाकं मात्र इंजिनाला गरागरा फिरवतच असतात. मग पिस्टन चिकटतो.

याला सुझुकीने काढलेला तोडगा मला फार आवडला. १९६७च्या फ्रॉन्टे ३६०मध्ये वेगळा पंप स्वतंत्र टाकीतलं तेल थेट क्रँकच्या बेअरिंगांना पोचवत असे, तेही इंजिनाच्या फेऱ्यांच्या हिशेबाने. पुढच्याच वर्षी रेसर स्टर्लिंग मॉसने तिचं एसएस मॉडेल इटलीच्या महामार्गावर ताशी सरासरी १२२ किलोमीटरने पळवलं. ३५६ सीसीत!

धुराचा प्रश्न मात्र सुटला नाही. तेल जळणारच, आणि ताजं मिश्रण आत येतानाच त्यातलं थोडं न जळता बाहेर निसटणार. सत्तरच्या दशकात जपानचे नियम कडक झाले, आणि १९७७मध्ये सुझुकीला फ्रॉन्टेसाठी प्रतिस्पर्धी दाइहात्सूचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्यावं लागलं.

आता या गाड्या जगवायच्या तर खरी काळजी ऑइल सीलची. सील कडक झालं की क्रँककेस हवा ओढते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो. एका सिलिंडरच्या रिक्षाचं सील मिस्त्री दुपारच्या जेवणाआधी बदलून देतात. फ्रॉन्टेचा आडवा-तिडवा तीन सिलिंडरचा क्रँक मी त्यांना चित्र काढून दाखवला. प्रत्येक सिलिंडरचा क्रँककेसमधला कप्पा वेगळा, त्यामुळे मधली सीलं क्रँकच्या पोटात. ती काढायला दाबून बसवलेला अख्खा क्रँक प्रेसवर सुटा करायचा, पुन्हा जोडायचा, आणि डायल गेज लावून तांब्याच्या हातोडीने मिलिमीटरच्या शतांश भागांपर्यंत सरळ करायचा. मिस्त्रींनी चित्र बराच वेळ पाहिलं. जोडणी करता येईल, म्हणाले, पण मधली सीलं मिळाल्याशिवाय क्रँक खोलायचा नाही.