शार्क आला, पाणी आलं

रात्रीचे पावणेतीन. लॅपटॉपच्या पडद्यावर चहूकडे निळंशार पाणी, मधोमध आमचा लाकडी तराफा आणि त्याच्याभोवती घिरट्या घालणारा शार्क. पुण्याच्या होस्टेलवरून मित्र हेडफोनमध्ये ओरडतोय, "भाला घे बे, भाला!" आणि नेमकी त्याच वेळी गल्लीच्या तोंडाकडून दुसरी आरोळी येते, "पाणी आलंऽऽ!"

तुम्ही सोलापूरचे असाल तर पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही. हेडफोन गादीवर, मी हौदापाशी. पहिलं गढूळ पाणी झाडांना, मग हंडे, मग बॅरल, मग हौद. पाऊण तासानं ओल्या पायांनी परत आलो तर तराफ्याचा आख्खा कोपरा गायब आणि माझा गडी तहानेनं आडवा पडलेला. मित्रांबरोबर खेळताना हा गेम कुणासाठी थांबत नाही.

"कुठं गेलतास बे?"

"पाणी भरायला गेलतो."

तिकडं क्षणभर शांतता. मग तो जो हसत सुटला, त्याचा रूममेट जागा होईपर्यंत हसत होता. घरात चार दिवसांचं पाणी भरून ठेवलेलं आणि पडद्यावरचा मी पेलाभर पाण्यावाचून मेलो होतो.

गेमचं नाव 'राफ्ट'. खेळला नसाल तर थोडक्यात सांगतो. सगळं जग समुद्राखाली गेलंय. तुमच्याकडं चार फळ्यांएवढा तराफा आणि दोरीला बांधलेला एक हुक, बस्स. पाण्यावरून वाहत येणाऱ्या फळ्या, प्लास्टिक, झावळ्या हुकानं ओढायच्या. झावळ्यांची दोरी, दोरी आणि फळ्यांचा भाला, असं एकातून दुसरं करत जगायचं. मधूनमधून बेट लागतं. तिथं उतरून फळं गोळा करायची, बुडी मारून वाळू आणि चिकणमाती आणायची. त्याच्या ओल्या विटा थापायच्या आणि त्या वाळेपर्यंत वाट पाहायची, तेव्हा कुठं धातू वितळवायची भट्टी होते. वीट वाळायची वाट बघायला लावणारा गेम मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि तो शार्क ठरावीक वेळानं येऊन तराफ्याचा लचका तोडतोच. त्याला सुट्टी नाही.

या जातीचे गेम आता ढिगानं आहेत. 'माइनक्राफ्ट'नं झाड तोड, फळी कर, फळीची हत्यारं कर, ही सवय जगाला लावली. 'स्ट्रँडेड डीप'मध्ये विमान कोसळून तुम्ही बेटावर पडता आणि हावरटासारखे नारळ पीत सुटलात तर चक्क जुलाब लागतात. पण 'राफ्ट' मला जवळचा वाटतो, कारण तो तुमच्या-माझ्यासारख्या कॉलेजच्या पोरांनी केलाय. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा एक कॅम्पस गोटलंड नावाच्या बेटावर आहे. तिथल्या तीन विद्यार्थ्यांनी २०१६च्या डिसेंबरात हा गेम नेटवर फुकट टाकला. लोक तुटून पडले, २०१८मध्ये तो विकायला आला आणि पूर्ण व्हायला २०२२ उजाडलं. बेटावर राहणाऱ्या पोरांनी समुद्राचा गेम करावा हे ओघानं आलं. आमच्यासारख्या वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या गावातल्या पोरांनी तो रात्र रात्र का खेळावा, हा प्रश्न मात्र मला बरेच दिवस पडला होता.

उत्तर पडद्याच्या कोपऱ्यातच होतं. तिथं एक भुकेची पट्टी असते आणि एक तहानेची. तहानेची भराभर उतरते. भोवती समुद्र आणि प्यायला थेंब नाही. समुद्राचं पाणी तसंच प्यायलात तर तहान भागत नाही. हे गेमवाल्यांच्या मनचं नाही, शरीर तसंच चालतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आपली मूत्रपिंडं एवढं खारट पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. मीठ पातळ करून काढायला प्यालो त्याहून जास्त पाणी अंगातनंच खर्च होतं. म्हणजे पिताय तुम्ही आणि सुकताय पण तुम्हीच.

म्हणून गेममध्ये पहिल्यांदा पाणी गोडं करायचं साधन बनवायचं. पेल्यात खारं पाणी, खाली जळायला फळी, थोडी वाट पाहायची. गेममध्ये हे चुटकीसरशी होतं. खरं किती लागतं ते बघायला मी मे महिन्यात गच्चीवर प्रयोग केला. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी घेतलं, मधे रिकामी वाटी ठेवली, वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला आणि कागदाच्या मधोमध एक खडा ठेवला. उन्हानं वाफ होते, कागदाला चिकटते आणि उतारावरून वाटीत ठिबकते. मीठ खालीच राहतं. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत सोलापूरचं ऊन, ज्याला तोड नाही. मिळालं किती? अर्धी वाटी. चव बेचव, पण गोडं. तुम्ही करून बघा, उन्हाला काय पैसे पडत नाहीत. मात्र ती अर्धी वाटी हातात घेऊन मी बराच वेळ गच्चीवर उभा होतो. मोबाइलवर बोलत बोलत चूळ भरताना आपण याच्या चौपट सांडतो.

या पट्टीची सवय सोलापूरकरांना गेममुळं लागलेली नाही. आपल्याकडं ती रोजच्या पेपरात छापून येते आणि तिचं नाव उजनी. भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी दाराच्या पातळीखाली. त्यामुळं उजनी शून्य टक्के झाली तरी रिकामी नसते. ती 'मायनस'मध्ये जाते. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली आणि त्याच पावसाळ्यात शंभरी ओलांडून भरली. शून्याच्या खाली जाणारी तहानेची पट्टी जगातल्या कुठल्याच गेमवाल्याला सुचलेली नाही. आपण लहानपणापासून तिच्यावर खेळतोय. चहाच्या टपरीवर "उजनी प्लसमध्ये आली का?" असं विचारणारे आजोबा मला या खेळातले जुने खेळाडू वाटतात.

आणि बुडालेलं जग म्हणाल, तर तेही तिथंच आहे. उजनीच्या पाण्यात गावं गेली, माणसं वर सरकून नव्या जागी राहिली. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर एरवी पाण्यात असतं. पाणी फार उतरलं की ते उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. 'राफ्ट'मध्ये बुडालेल्या जगातले मनोरे पाण्याबाहेर आलेले दिसतात, तेव्हा आपण "भारी ग्राफिक्स" म्हणतो. पळसदेवची दगडी शिल्पं बघताना तसं म्हणवत नाही. तिथं पाणी उतरणं ही चांगली बातमी नसते.

आता एक कबुली. सुरुवातीला सांगितलेल्या त्या रात्री मी पाण्याला उठलो, कारण आई मावशीकडं गेली होती. एरवी मी उठत नाही. एरवी आरोळी आली की मी हेडफोनचा आवाज वाढवतो आणि आई उठते. गेले कित्येक महिने हे असंच चाललं होतं. आत मी पडद्यावर पेलाभर पाणी तापवतोय आणि बाहेर आई अंधारात हंडे लावतेय. तिला सकाळी साडेसहाला डबा करायचा असतो, मला अकराचं लेक्चर. त्या रात्री पाऊण तास वाकून पाठ धरली तेव्हा पहिल्यांदा हिशेब केला. चार-पाच दिवसांआड एक अशी वर्षाला ऐंशी-नव्वद रात्रींची झोप. यात चावीवाल्याच्या वेळा चुकल्या की होणारं जागरण धरलेलं नाही. तुमच्या घरी हा हिशेब कुणाच्या नावावर आहे, ते तुम्हाला माहीत असेलच.

आई परत आल्यावर तिला गेम दाखवला. मला वाटलं, ती "डोळे फुटतील" म्हणेल. ती शेंगा निवडत शेजारी बसली आणि दहा मिनिटं गप्प बघत राहिली. मग म्हणाली, "भांडं झाकत नाहीस होय रे?" मी म्हणालो, यात झाकण नसतं. "बरं. आणि पेले किती लावलेस?" एकच. "एकच? मग तहान लागल्यावर विहीर खणणार का? तीन लाव. एक प्यायला, एक तापत, एक भरलेला." नेटवरचे इतके व्हिडिओ पाहिले, पण कुणी ही गोष्ट इतक्या थोडक्यात सांगितली नव्हती. तीन पेले लावले आणि त्यानंतर आमचा गडी तहानेनं कधी मेला नाही. आईच्या डोक्यात कुठल्या हंड्यात किती, कुठलं पाणी प्यायचं, कुठलं भांड्याचं, कुठलं परवापर्यंत पुरवायचं, याच्या पट्ट्या कायम चालू असतात. फक्त त्या कुणाला दिसत नाहीत. (खाण्याच्या पट्टीबद्दल म्हणाल, तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन उतरलेला सोलापूरकर कुठल्याही बेटावर दिवसच्या दिवस काढील. गेमवाल्यांनी उगाच बटाटे दिलेत.)

बेटावर एकटा राहिलेला खराखुरा माणूस होता अलेक्झांडर सेल्कर्क, 'रॉबिन्सन क्रूसो'च्या आधीचा. गळक्या जहाजाच्या भांडणात हा स्कॉटिश खलाशी १७०४मध्ये स्वतःच हट्टानं चिलीजवळच्या बेटावर उतरला. चार वर्षं चार महिने राहिला. पाणी होतं, रानबकऱ्या होत्या, उंदरांसाठी त्यानं मांजरं माणसाळवली. १७०९मध्ये त्याला सोडवलं तेव्हा सरावाअभावी त्याचं बोलणं नीट कळेनासं झालं होतं. गेममध्ये ती पट्टी नाही. पण मला वाटतं, आम्ही तिघं मित्र रात्री त्या तराफ्यावर जमतो ते त्याच पट्टीसाठी. एक पुण्यात, एक हैदराबादला कामाला, मी इथं. पूर्वी आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसायचो.

आणि तो तलाव म्हणजे आपलं स्वतःचं बेट, हे बसताना कधी डोक्यात आलं नाही. चारी बाजूंनी पाणी आणि मधे मंदिर. हे पाणी निसर्गानं दिलेलं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी माती उपसून ते आणलं. तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत. वचनसाहित्याच्या परंपरेत कथा आहे, की अल्लमप्रभू तिथं आले आणि त्यांनी सिद्धरामांना माती खणणारा वड्ड म्हणून डिवचलं. चेले चिडले, दगड घेऊन धावले. पुढं दोघांची गाठ पडून मोठा संवाद झाला. तो अध्यात्माचा भाग झाला आणि त्यातलं मला फार कळत नाही. मला एवढंच दिसतं, की आधी पाण्याची सोय करायला सिद्धरामांना कुणी पट्टी दाखवावी लागली नव्हती. गड्ड्याच्या यात्रेत आपण तिथं दरवर्षी पाळण्यात बसतो, भेळ खातो आणि घरी येतो.

आमच्या घरी आता वाटणी झालीय. एक पाणी आईचं, एक बाबांचं, एक माझं. बाबांनी पहिल्यांदा कुरकुर केली, मग पाइप जोडायची नवी पद्धत काढली आणि आता तीच सगळ्यांना शिकवत बसतात. पुण्यातल्या मित्राच्या होस्टेलवर नळ फिरवला की पाणी येतं, तरी तो खेळायला बसण्याआधी विचारतो, "आज पाणी कुणाचं बे?" माझं असेल तर त्या रात्री तराफा सोडायचाच नाही, असं ठरलंय.

पुढचं पाणी शुक्रवारी, माझंच. त्यामुळं शनिवारी रात्री अकराला या. विटा वाळत घातल्यात, तेवढ्या आल्या आल्या उचला. भाला मी करून ठेवतो.