कंबरेचा जमाखर्च

३१ जानेवारी १९९९. चेन्नईची कसोटी, समोर पाकिस्तान, जिंकायला २७१ धावा, आणि सचिन तेंडुलकर पाठ धरून खेळतोय. १३६ वर तो बाद झाला तेव्हा हव्या होत्या फक्त १७ धावा. राहिलेल्या फलंदाजांना त्यातल्या चारच जमल्या आणि भारत १२ धावांनी हरला. त्यानंतर त्या पाठीची काळजी पानटपरीपासून संपादकीयांपर्यंत सगळ्यांनी वाहिली. पण एखाद्याच्या पाठदुखीचा हिशेब देशाने धावांत मांडावा, हे भाग्य विरळाच. बाकीच्यांच्या कंबरेचा जमाखर्च मांडायला कोणी बसत नाही, आणि मांडायला बसलंच तर तो कोणत्या वहीत लिहायचा हेच कळत नाही.

वही तर मोठीच लागेल. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल. जीव न घेता माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखीचा नंबर जगात पहिला लागतो. तीन महिन्यांहून जास्त टिकली की तिला जुनाट म्हणतात. आणि गंमत अशी, की दर दहांतल्या नऊ जणांच्या दुखण्यामागे अमुकच एक बिघाड आहे असं बोट ठेवून सांगता येत नाही. हाड मोडलेलं नसतं, गाठ नसते, जंतू नसतात. दुखणं मात्र खरं असतं.

खर्च शोधायचा तर माणूस आधी दवाखान्याची बिलं काढतो. तिथेच फसगत होते. नेदरलँड्समध्ये १९९१ सालचा पाठदुखीचा खर्च संशोधकांनी बारकाईने मोजला. देशाच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.७ टक्के इतका तो निघाला. त्यातला उपचारांवरचा खर्च होता अवघा सात टक्के. उरलेले ९३ टक्के म्हणजे बुडालेले कामाचे दिवस आणि कायमची आलेली असमर्थता. अमेरिकेतला वार्षिक बोजा १०० अब्ज डॉलरच्या पुढे असल्याचा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. त्यातही दोन तृतीयांश वाटा बुडालेल्या मजुरीचा आणि घटलेल्या कामाचा होता. पुढे २०१६ सालचा तिथला निव्वळ उपचारखर्च १५४ आजारांमध्ये विभागून पाहिला, तेव्हा कंबर आणि मानेचं दुखणं १३४.५ अब्ज डॉलर घेऊन यादीत सगळ्यांत वर बसलेलं होतं. मधुमेहसुद्धा त्याच्या खाली होता.

हे झाले पगारी रजा असलेल्या देशांचे आकडे. रजाच नसेल तर?

कोणत्याही मार्केट यार्डात पहाटे उभं राहावं. ट्रकचं फाळकं पडतं, दोघे जण वरून पोतं उचलून खालच्याच्या पाठीवर देतात, तो एका हाताने आकडा रुतवून, कंबरेत वाकून, गाळ्याकडे जवळजवळ पळतच निघतो. हळू चाललं तर वजन जास्त लागतं, हे त्याला ठाऊक असतं. थप्पी उंच होत गेली की फळीवरून चढायचं. पैसे नगावर किंवा टनावर, आणि कमाई टोळीत वाटून. म्हणजे एकाची कंबर धरली की त्याच्या वाटची पोती इतरांच्या पाठीवर जातात. ते चार दिवस सांभाळून घेतात, पाचव्या दिवशी मुकादम ‘येतोयस की दुसरा बघू?’ असं विचारतो. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाणी अशी सोय झाली. देशात असं संरक्षण त्याआधी हमालाला कुठे नव्हतं. तरी नोंदणीबाहेरचे हमाल आजही भरपूर आहेत, आणि त्यांच्या लेखी कंबर म्हणजेच भांडवल.

ऊसतोडणीत तर दुखण्याला थेट दंड आहे. बीड, अहिल्यानगरकडून निघणारी जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवसभर बुडख्याशी वाकून तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या शिडीवरून चढायचं. एका मोळीचं वजन तीस-चाळीस किलो सहज भरतं. दोघांतलं एक जण पडून राहिलं की ‘खाडा’, आणि खाड्याला दंड. २०१९ मध्ये बीडच्या तोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा एका दिवसाला ५०० रुपये कापले जात असल्याच्या बातम्या सर्वत्र आल्या होत्या. मजुरी गेली ती वेगळीच. अर्थशास्त्रात अनुपस्थितीचा खर्च मालक सोसतो, असं गृहीत धरलेलं असतं. फडावर तो मजूरच मालकाला भरून देतो.

घरातल्या बाईची कंबर तर कुठल्याच खात्यात येत नाही. कंबरदुखी पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, हे जगभरच्या आकडेवारीत दिसतं. बाळंतपणं, पाण्याचे हंडे, कोकणात चिखलात दिवसचे दिवस वाकून केलेली भातलावणी, आणि घरी कोणाच्या तरी उंचीच्या हिशेबाने बांधलेला ओटा. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या सुईनेच कंबर गेली, अशी घरोघर पक्की समजूत आहे. अभ्यासांत असा कायमचा संबंध आढळलेला नाही, पण सुईला दोष देणं सोपं असतं, ओट्याला आणि हंड्याला देणं अवघड. त्यात हे दुखणं दिसत नाही. प्लॅस्टर नाही, ताप नाही, रिपोर्ट बरेचदा ‘वयाप्रमाणे’. मग ‘सकाळी बरी होतीस की’ इथपासून ‘कामाच्या वेळीच बरी कंबर दुखते’ इथपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. झोप तुटते, चिडचिड वाढते, नवराबायकोतली जवळीक आटते, लग्नकार्याला जाणं टळतं, नातवंडाला उचलून घेणं टळतं. जुनाट दुखणं आणि नैराश्य हातात हात घालून येतात. कोण कोणाला घेऊन आलं हे ठरवणं डॉक्टरांनाही जड जातं.

आता उपचारांकडे. पूर्वी उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी श्रद्धा. खर्च शून्य आणि बरीचशी उसण आपोआप आठवडाभरात जातच असल्याने पायाळूची कीर्तीही अबाधित. आजचा पायाळू म्हणजे एमआरआय. पाच-सात हजार रुपये मोजून मोठा लिफाफा हाती येतो आणि त्यात ‘एल-फोर एल-फाइव्हला गादी सरकलीय’ असं लिहिलेलं असतं. माणूस त्या दिवसापासून वाकायचा थांबतो, बादली उचलायचा थांबतो, शेवटी चालायचाही थांबतो.

खरं तर त्या लिफाफ्याची किंमत ओळखायला १९९४ साल पुरेसं होतं. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ९८ माणसांचे एमआरआय अमेरिकेत तपासले गेले. निम्म्याहून जास्त जणांची, म्हणजे ५२ टक्क्यांची, किमान एक गादी फुगलेली होती. सगळ्या गाद्या ठीक असलेले जेमतेम ३६ टक्के. पुढच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत तर विशीतल्या, काही न दुखणाऱ्या ३७ टक्के लोकांच्या गाद्याही झिजलेल्या आढळल्या. चेहऱ्यावर सुरकुत्या पडाव्यात तसंच हे. पण सुरकुत्यांचा रिपोर्ट कोणी इतक्या गंभीर आवाजात वाचून दाखवत नाही.

याचा अर्थ तपासणी कधीच नको, असा नाही. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, कंबरदुखीबरोबर ताप किंवा वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही थांबू नये. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे, हे विसरता येत नाही. आणि पंचविशीतल्या पोराची कंबर रोज पहाटे आखडत असेल, चालल्यावर मोकळी होत असेल, तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. तिथे उशीर महागात पडतो.

राहिलेल्या नव्वद टक्क्यांचं काय करायचं, यावर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. ती वाचताना कोपऱ्यावरच्या औषधदुकानाचा फळा वाचल्यासारखं वाटतं, फक्त उलटा. कंबरेचा पट्टा नको. वजनं लावून ओढणं नको. अल्ट्रासाउंडचा शेक नको. अफूच्या जातकुळीतली वेदनाशामकं नकोत. हवं काय, तर रुग्णाला नीट समजावून सांगणं, आखून दिलेला व्यायाम, मनाची भीती घालवणारे उपचार, फार तर मोजक्या साध्या गोळ्या. अफूवर्गीय गोळ्यांची किंमत अमेरिकेने मोजलीच आहे. १९९६ साली बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिनची जाहिरात साध्या जुनाट दुखण्यांसाठीही झाली, आणि त्यातून उभं राहिलेलं व्यसनाचं संकट तो देश अजून निस्तरतोय. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नव्याने उद्भवलेल्या कंबर-मानदुखीवर अशी गोळी आणि साखरेची गोळी यांत फरकच दिसला नाही. भारताने ट्रामाडॉल या त्याच जातकुळीतल्या गोळीला २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, ते बरंच झालं.

शस्त्रक्रियेबद्दल एक गोष्ट स्पष्ट हवी. पायात उतरणारी, शीर दबल्याची कळ योग्य रुग्णात शस्त्रक्रियेने लवकर थांबते. नुसत्या जुनाट कंबरदुखीसाठी मणके जोडण्याचं प्रकरण वेगळं. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर हे ताडून पाहिलं गेलं, आणि २००५ मध्ये निष्कर्ष आला की मणके जोडणं हे नेटाच्या व्यायाम-प्रशिक्षणापेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा नाही.

तरी पैसा कुठे वाहतो ते पाहा. आपल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी माणूस दवाखान्यात दाखल झाला तरच पैसे देतात. महिनाभर फिजिओथेरपिस्टकडे जाण्याचे पैसे खिशातून. मणक्यात स्क्रू बसवण्याचे, प्रतीक्षाकाळ संपला असेल तर, विम्यातून. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीतही मणक्याच्या आजारांना २४ महिने थांबावं लागतं. कामगार विमा योजनेत आजारपणाची रजा वर्षाला ९१ दिवस, ७० टक्के वेतनावर. त्यापुढे दोन वर्षांपर्यंत वाढीव मदत मिळते ती ३४ ठरावीक आजारांना. त्यांत गादी सरकणं आहे, साधी जुनाट कंबरदुखी नाही. म्हणजे व्यवस्थाच माणसाला सांगते, ‘तुझी गादी सरकलेली असू दे.’ मग लोक लिफाफा छातीशी धरून बसतात त्यात नवल काय?

दुखण्याचा धागा हाडांपेक्षा आयुष्यात जास्त गुंतलेला आहे, हे स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॅडेल यांनी १९८७ पासून ठासून मांडलं. तेव्हाच अमेरिकेत बोइंग विमान कंपनीच्या ३,०२० कामगारांचा चार वर्षं पाठपुरावा चालू होता. ज्यांना आपलं काम जवळजवळ कधीच आवडत नव्हतं, त्यांनी पाठदुखीची तक्रार करण्याचं प्रमाण काम आवडणाऱ्यांच्या अडीच पट निघालं. हा निष्कर्ष मालकांच्या हाती पडला तर ‘नाटकं आहेत’ असा वाचला जातो. वाचायचा तो उलट, की माणसाला पिळणारं काम पाठीलाही पिळतं.

स्वस्त उपाय कोणते, हे कोडं राहिलेलं नाही. हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवरच्या १९९५ सालच्या चाचणीत कंबर धरलेल्यांचे तीन गट केले: दोन दिवस अंथरूण, ठरावीक व्यायाम, आणि सोसेल तितकं नेहमीचं हिंडणं-फिरणं. तिसरा गट सगळ्यांत लवकर सुधारला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ ते ९९ या काळात टीव्हीवर एवढंच सांगितलं की कंबर दुखली म्हणून आडवे पडू नका. कामगार भरपाईचे पाठदुखीचे दावे सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. आणि २०२४ मध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाच्या ७०१ जणांवरच्या चाचणीत, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू चालणं वाढवलेल्यांना दुखणं पुन्हा उद्भवायला साधारण २०८ दिवस लागले, काहीच न करणाऱ्यांना ११२.

हिंजवडीत दिवसाचे दहा तास खुर्चीत आणि दोन तास गाडीत काढणाऱ्या पोरांना हा सल्ला सोन्यासारखा आहे. मार्केट यार्डातल्या हमालाला तो देऊन पाहावा. ‘चालत राहा’ म्हटलं तर तो म्हणेल, पोतं घेऊन की पोत्याशिवाय? त्याच्या दुखण्याचा इलाज डॉक्टरच्या हातात थोडा आणि पोत्याचं वजन ठरवणाऱ्याच्या हातात जास्त.

हे शक्य असतं, याचं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या शेतांत आहे. तिथे लेट्यूस आणि बीटची विरळणी जेमतेम दोन फूट दांड्याच्या खुरप्याने करायला लावत. मजूर त्याला ‘एल कोर्तितो’, म्हणजे आखूडबुवा, म्हणत. लांब दांड्याने पीक बिघडतं, हा मालकांचा युक्तिवाद. मजुरांना माहीत होतं की आखूड दांड्यामुळे कोण उभं राहिलंय ते मुकादमाला लांबूनच दिसतं. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांची कंबरही त्यानेच गेली होती. मो जॉर्डेन या वकिलाने डॉक्टरांच्या साक्षी उभ्या केल्या, १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने कौल दिला आणि ते खुरपं बंद झालं. पिकं बुडाली नाहीत. जर्मनीने १९९३ पासून वर्षानुवर्षं ओझी उचलून आलेल्या मणक्याच्या आजाराला व्यवसायजन्य आजार मानलं आहे.

आपल्याकडे निदान तीन गोष्टी लगेच होऊ शकतात. विमा कंपन्यांनी फिजिओथेरपीला बाह्यरुग्ण म्हणून पैसे द्यावेत. कामगार विम्याने लिफाफा न मागता सौम्य काम देऊन कामावर परतण्याची सोय करावी. आणि गोणीचं वजन उतरवावं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने नेहमी वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली होती. ब्रिटनची आजची मार्गदर्शक मर्यादा पुरुषाला २५ आणि स्त्रीला १६ किलो आहे, आणि तिथली सिमेंटची गोणी २५ किलोची येते. एका आदेशाने वजन बदलता येतं हे सरकारला ठाऊक आहे. २०१८ मध्ये युरियाची गोणी ५० वरून ४५ किलोवर आणली, मात्र हेतू शेतकऱ्याने खत कमी टाकावं एवढाच होता. सिमेंटची आणि साखरेची गोणी अजून ५० किलोचीच आहे.