सहा फुटांची सिस्टर, दोन फुटांचा बेड: उंच नर्सची पाठ का दुखते?

वॉर्डमध्ये उंच नर्स असली की काही कामं आपोआप तिच्याकडे येतात. सलाईनची बाटली वर टांगायची, कपाटावरचा खोका काढायचा, अडकलेला पडदा सरकवायचा... हाक तिलाच. पण ड्युटी संपवून ती नेरूळ किंवा वाशी स्टेशनवर हार्बर लोकलची वाट पाहत उभी असते, तेव्हा तिची कंबर भरून आलेली असते. उंची एवढी कामाची आहे, तर त्रास कशाचा?

उत्तर वॉर्डमधल्या सामानात आहे.

बेडचं गणित

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय महिलांची सरासरी उंची साधारण १५२ सेंमी, म्हणजे पाच फूट आहे. सहा फुटांची नर्स १८३ सेंमीची. दोघींमध्ये एक फुटाचा फरक.

माणसाच्या शरीरात नितंबाच्या सांध्याची उंची एकूण उंचीच्या ५३ टक्के, तर कोपराची ६३ टक्के धरली जाते. या हिशेबाने पाच फुटांच्या नर्सचा सांधा जमिनीपासून सुमारे ८० सेंमीवर येतो, सहा फुटांच्या नर्सचा ९७ सेंमीवर. पेशंटला कुशीवर वळवणं, ड्रेसिंग, चादर बदलणं ही कामं या सांध्यापासून कोपरापर्यंतच्या पट्ट्यात झाली तर पाठीला सोपी जातात.

साधा बेड मात्र गादीसकट जेमतेम दोन फूट, म्हणजे ६० सेंमीच्या आसपास असतो. पाच फुटांच्या नर्सलाही तो खालीच पडतो. उंच नर्सला त्याहून सुमारे १७ सेंमी जास्त खाली जावं लागतं, तेही एका ड्युटीत कितीतरी वेळा.

जनरल वॉर्डमधल्या बेडला हँडल असतं, पण ते फिरवून बहुतेक वेळा डोक्याकडचा किंवा गुडघ्यांकडचा भागच वर होतो. पूर्ण बेड वर-खाली होत नाही. ती सोय मुख्यतः आयसीयूतल्या इलेक्ट्रिक बेडला असते.

वाकल्यावर पाठीत काय होतं?

कमरेच्या वरचं शरीर म्हणजे एकूण वजनाचा निम्म्याहून जास्त भाग. आपण पुढे वाकतो तेव्हा हे वजन मणक्यापासून लांब जातं. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या केंद्रापासून जेमतेम पाच सेंमी मागे असतात. सी-सॉच्या एका बाजूला लांब फळी आणि दुसऱ्या बाजूला अगदी आखूड, असा हा प्रकार आहे. धड जेवढं लांब, तेवढा स्नायूंवर आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण जास्त.

त्यात पेशंटचं वजन मिळवा. अमेरिकेतली कामगार सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था ‘नायॉश’ आदर्श परिस्थितीतही २३ किलोपेक्षा जास्त वजन हाताने उचलू नये असं सांगते. याच संस्थेतले संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंट हाताळण्यासाठी ही मर्यादा १६ किलोच्या आसपास असावी असं सुचवलं. कारण पेशंट हलतो, घाबरतो, अचानक धरतो. ७० किलोच्या माणसाचा एक पाय साधारण ११ किलोचा असतो. म्हणजे दोन्ही पाय एकटीने उचलले की मर्यादा ओलांडलीच.

मग सगळे बेड उंचच का करत नाहीत?

कारण त्यावर झोपणारा पेशंटही बहुधा पाच-साडेपाच फुटांचाच असतो. उठून बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकायला हवेत, नाहीतर रात्री बाथरूमला जाताना पडण्याचा धोका. नर्सच्या पाठीला उंच बेड हवा, पेशंटच्या सुरक्षेला बुटका. दोन्ही जमवायचं तर एकच मार्ग: काम करताना वर आणि काम झालं की खाली जाणारा बेड.

उंची कुठे कामी येते?

सीपीआर देताना. छाती ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. त्यासाठी खांदे पेशंटच्या छातीच्या बरोबर वर यावे लागतात. बुटक्या नर्सला अनेकदा पायाखाली स्टूल घ्यावं लागतं, उंच नर्सचा तेवढा वेळ वाचतो.

काही ठिकाणी मात्र उंच नर्सला जास्त जपावं लागतं. लघवीचं माप वरून वाचलं तर आकडा चुकतो. भांडं सपाट जागी ठेवून नजर रेषेच्या पातळीवर आणावी लागते. बुटक्या पेशंटला काखेत हात घालून चालवलं तर त्याचा खांदा वर ओढला जातो. अर्धांगवायूच्या पेशंटचा खांदा आधीच सैल असतो, त्याला यातून इजा होऊ शकते. त्यामुळे आधार कमरेच्या पट्ट्याला धरून द्यायचा.

झोपलेल्या माणसाला सहा फुटांची व्यक्ती अंगावर आल्यासारखीही वाटू शकते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयातला २०१२ चा एक अभ्यास इथे उपयोगी आहे. डॉक्टर उभे न राहता बसून बोलले, तेव्हा ते जास्त वेळ थांबले असं पेशंटना वाटलं. प्रत्यक्षात ते जास्त थांबले नव्हते.

काय करता येईल?

• बेड वर होत असेल तर आधी तो वर घ्या, मग हात लावा. काम झाल्यावर खाली आणायला विसरू नका.
• रक्त घेणं, सुई लावणं, ड्रेसिंग ही कामं स्टुलावर बसून करा.
• पेशंटला उचलू नका, सरकवा. स्लाइड शीट नसेल तर पेशंटखाली आडवी घातलेली चादर दोन्ही बाजूंनी दोघींनी ओढायची.
• जोडीदार बुटकी असेल तर बेड तिच्या मापाने ठेवा. खांदे वर करून ओढताना तिचा जोर कमी पडतो. उंच नर्सने पाय फाकवून गुडघे वाकवायचे, कंबर नाही.

यातलं शेवटचं काम नर्सच्या हातात नाही. नवे बेड घेताना किंमत आणि संख्या यांच्या जोडीला ‘पूर्ण बेड वर-खाली होतो का?’ हा प्रश्न खरेदीच्या यादीत असायला हवा. तो बेड फक्त सहा फुटांच्या सिस्टरच्या कामाचा नाही. पाच फुटांची नर्सही रोज वाकतेच आहे, फक्त तिचं वाकणं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.