शेवटच्या मजुराचा रोज

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवितो. मजुरी एक दिनार, म्हणजे त्या काळचा दिवसाचा रोज. दिवस मावळायला तासभर उरला असता त्याला बाजारचौकात काही माणसे अजून रिकामी उभी दिसतात. का, म्हणून विचारता ती सांगतात, आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. तो त्यांनाही मळ्यात धाडतो. संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखाच दिनार पडतो, आणि दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरू लागतात.

आपल्यालाही त्यांची तक्रार रास्त वाटते; हिशेबी मनाला ती वाटायचीच. परंतु धन्याने त्यांच्या ठरल्या मजुरीतली कवडीही कापलेली नाही. आणि उशिरा आलेल्याच्या घरची चूल काही एका तासाच्या मजुरीवर पेटत नाही! ख्रिस्ती श्रद्धेतील ईश्वरी करुणा ती हीच: बाजाराने नाकारलेल्या माणसाचेही मोल ती पुरतेपणी देते.

या ‘शेवटच्या’ मजुरावरूनच रस्किनने आपल्या पुस्तकाला नाव दिले. गांधीजींनी ते १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात वाचले आणि १९०८ साली त्याचा सारांश गुजरातीत लिहिला. त्याला नाव दिले ‘सर्वोदय’.