समेवर यायला 14 सेकंद

पहाटे 5.30

आज रेकॉर्डिंग, म्हणून चहाच्या आधी यंत्रं लावते. कोर्ग मिनीलॉगचे ऑसिलेटर अ‍ॅनालॉग आहेत. त्यांचा स्वर विजेच्या दाबावर ठरतो आणि आतलं सर्किट नीट तापेपर्यंत तो सरकत राहतो. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे तर जास्तच. अर्धा तास यंत्र नुसतं चालू ठेवायचं, मग ट्यून करायचं. गवईसुद्धा लावलेल्या तंबोऱ्याच्या खुंट्यांना थोड्या वेळाने पुन्हा हात लावतातच.

टेबलावर आणखी तीन यंत्रं आहेत. तालासाठी रोलंड टीआर-8एस, खालच्या सुरावटीसाठी बेहरिंजर टीडी-3, आणि सगळ्यांचे आवाज एकत्र करून जागच्या जागी रेकॉर्ड करणारा झूम एल-12 मिक्सर. टीडी-3 ही रोलंडच्या टीबी-303 ची प्रतिकृती. मूळ 303 चं उत्पादन 1984 मध्ये थांबलं आणि आज ते यंत्र लाखांत विकलं जातं. संगणक बंद आहे. संध्याकाळपर्यंत तो उघडायचा नाही.

सकाळी 6.30

सोसायटीचा पंप सुरू झाला आणि स्पीकरमध्ये ‘टक्’ झालं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मायक्रोफोन नसतो. आवाज तारेतून थेट मिक्सरमध्ये जातो, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या, खालची कुत्री, शेजारचा टीव्ही यांचं मला काही वाटत नाही. विजेच्या तारेतून जे येतं ते मात्र सगळं टिपलं जातं. म्हणून माझं वेळापत्रक पंपाच्या वेळा पाहून ठरतं. गुरुवार तर आधीच बाद. पुण्यात तो दुरुस्तीचा वार, वीज किंवा पाणी जाण्याचा.

दुसरा त्रास घरघरीचा. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि मी सा धरलाय पांढरी पाच. त्या पट्टीतला अगदी खालचा सा 49 हर्ट्झला येतो. फरक एका हर्ट्झचा दिसतो, पण तो 35 सेंट आहे, म्हणजे अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. घरघर बारीक असली तरी ती माझ्या साच्या अंगावर सतत थोडी चढी वाजत राहते. उपाय सरळ आहेत. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्यायची, म्हणजे अर्थिंग एकच राहतं. तरीही घरघर उरली तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालायचा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हचा आवाजात उतरतो. केबलचे जॅक तपकीर गल्लीतून आणून मी स्वतःच सोल्डर करते. हात त्यात बसला की कुठली तार कधी दगा देईल हे आधी कळायला लागतं.

सकाळी 8.00

आता पॅटर्न. दिवसातला माझा सगळ्यात आवडता तास हाच.

या यंत्रांचे सिक्वेन्सर 16 स्टेपचे असतात. आपल्या कानाला ही संख्या लगेच ओळखीची वाटते, कारण तीनतालाच्या मात्रा तेवढ्याच. पण प्रत्येक पॅटर्नची लांबी बदलता येते. मी ताल 16 स्टेपचा ठेवलाय आणि टीडी-3 ची सुरावट 7 स्टेपची, रूपकाएवढी. दोन्ही एकाच क्लॉकवर चालतात. मिडीचा क्लॉक दर ठोक्याला 24 टिकटिक पाठवतो, त्यामुळे यंत्रं एकमेकांपासून सुटत नाहीत. 16 आणि 7 यांची गाठ 112 स्टेपनंतर पडते. 120 च्या टेम्पोला एक स्टेप सेकंदाचा आठवा भाग, म्हणजे दर 14 सेकंदांनी दोन्ही चक्रं एकत्र समेवर येतात. मधल्या वेळात सुरावट तालाच्या अंगावरून सारखी पुढे सरकत राहते. तोच स्वर एकदा ठोक्यावर पडतो, एकदा ठोक्याच्या मागे. मी काहीही न बदलता संगीत बदलत असतं.

स्वर बैरागीचे घेतलेत: सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल नी. याला मी बैरागी राग म्हणणार नाही. या यंत्राचा कोमल रे समान अंतरांच्या पट्टीतला आहे, त्याला जरा खाली ओढायची सोय त्यात नाही. शिवाय स्लाइडचा प्रश्न आहे. टीडी-3 एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतं तेव्हा मींडेचा भास होतो खरा, पण त्या घसरण्याची चाल सर्किटनं ठरवून दिलेली असते. अंतर अर्ध्या स्वराचं असो की पंचमाचं, वेळ जवळपास तेवढाच. गाणारा मींड कधी लांबवतो, कधी मधेच थबकतो. ते स्वातंत्र्य मी फिल्टरमधून मिळवते. स्लाइड चालू असताना कटऑफचं बटण हळूहळू उघडलं की तीच घसरण लांबल्यासारखी ऐकू येते. हे काम हातानेच होतं, आणि दर वेळी थोडं वेगळं होतं.

सकाळी 9.40

पंप बंद, फ्रिज बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. रेकॉर्डिंग 24 बिटवर, आणि सर्वांत मोठा आवाज शून्याच्या 12 डेसिबल खाली. 24 बिटमध्ये जागा भरपूर असते, वर टेकायची घाई कशाला?

एल-12 मध्ये प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेता येतं. मी ते मुद्दाम घेत नाही. डावा आणि उजवा, दोनच ट्रॅक. वेगळे ट्रॅक हाताशी असले की वाजवताना मन म्हणतं, बास जास्त झाला तर नंतर कमी करू. एकदा हे म्हटलं की कान ढिले पडतात. दोनच ट्रॅक असले की आत्ता ऐकून आत्ताच हात हलवावा लागतो, आणि तो निर्णय कायमचा राहतो. हातांनी बनलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत मला ऐकू यायला हवं, त्यासाठी एवढी अट मी पाळते.

टेक 28 मिनिटांचा, कारण हे पुढे सी-60 कॅसेटवर जायचंय आणि तिच्या एका बाजूला 30 मिनिटं मावतात. पहिली काही मिनिटं फक्त मिनीलॉगचा सा-पंचम. मग टीडी-3, फिल्टर जवळजवळ मिटलेला. किक फार उशिरा. या वेळात दोन्ही चक्रांची सम 120 वेळा येते. दर वेळी काय करायचं, काय सोडायचं, हेच माझं वादन.

एक टेक झाला. पाणी प्यायले, लगेच दुसरा घेतला.

दुपारी 12.30

पिठलं-भात. कानांना तासभर सुट्टी, गाणी नाहीत, बातम्याही नाहीत.

दुपारी 2.00

वरच्या मजल्यावरचे काका येतात. त्यांनी आयुष्यभर तबल्याची साथ केली आहे. यंत्रांबद्दल ते विचारत नाहीत, डोळे मिटून बोटांवर मात्रा मोजतात. दोन्ही टेक त्यांना सलग ऐकवले. दुसरा नेटका आहे. प्रत्येक बदल वेळेवर, आणि 112 स्टेपची गाठ आली की किक ठणकन वाजते. पहिल्यात काही समांना माझ्या हाताने किक काढून घेतली होती. वाजवताना ती नकोशी वाटली, एवढंच.

“पहिला ठेव,” काका म्हणाले.

“दुसऱ्यात सम स्पष्ट कळते ना, काका?”

“तीनतालाची कळते. पण तुझी सुरावट रूपकात आहे ना? रूपकाची सम खालीवर असते बाळा, तिथे डग्गा नसतो. तू पहिल्यात डग्गा काढलास तिथे रूपक दिसला.”

यानंतर बराच वेळ मी तोच भाग ऐकत बसले. तीनतालाच्या समेला घुमारा हवा असतो आणि रूपकाच्या समेला तो नको असतो. माझ्या मांडणीत या दोन मागण्या एकाच क्षणी समोरासमोर येतात. पहिल्या टेकमध्ये हात कधी एकाचं ऐकतो, कधी दुसऱ्याचं. स्क्रीनवर रेघा ओढून हे ठरवलं असतं तर मी एक नियम केला असता आणि 120 समा सारख्याच वाजल्या असत्या. पहिलाच टेक निघणार.

दुपारी 4.30

संगणक उघडला. सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापली, मध्ये एकही काप नाही. लाउडनेस मोजून आवाज थोडा उचलला. बऱ्याच स्ट्रीमिंग सेवा सगळ्यांचा आवाज साधारण उणे 14 लफ्सच्या आसपास आणून ठेवतात, तेव्हा कॉम्प्रेसरने दाबून मोठं करण्यात फायदा नाही. उलट किक नसलेल्या समा त्यात चेपल्या जातात. फ्लॅक फाइल तयार.

संध्याकाळी 6.00

आता सोबतचा मजकूर. हे काम लोक दोन मिनिटांत उरकतात. मी त्याला तास देते, आणि त्याला कारण आहे.

अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. तिथे गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी केलेलं काम टेपवर राहिलं, आणि पॉल पुर्गस यांच्या हाती लागून 2023 मध्ये रेकॉर्ड म्हणून बाहेर आलं. मुंबईत चित्रपटसंगीतात साथ करणाऱ्या चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्यांत बैरागीही होता. त्याच टीबी-303 वर घडलेली शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ 1987 ची. चरणजीत सिंग यांची रेकॉर्ड 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा कुठे जगाने तिच्याकडे कान दिला. 2015 मध्ये ते गेले. त्या रेकॉर्डवर कुठली यंत्रं होती हे ठाऊक असल्यामुळेच आज ती शिकागोच्या शेजारी ठेवून ऐकता येते.

म्हणून मी सगळं लिहिते. यंत्रांची नावं, 120 चा टेम्पो, 16 आणि 7, पांढरी पाच, तारीख, पुणे, दोन ट्रॅक, एक टेक. काकांचं नाव टाकायचं होतं, त्यांनी नको म्हटलं. त्यांचा शब्द पाळते, पण रूपकाबद्दलचं त्यांचं म्हणणं ‘एका तबलावादकाची सूचना’ म्हणून नोंदवते.

रात्री 8.30

बँडकॅम्पवर फाइल चढते आहे. डिजिटल विक्रीतला 15 टक्के वाटा ते घेतात, बाकी, पैसे पाठवण्याचा खर्च वजा जाता, माझा. शिवाय ऐकणाऱ्याला मूळ प्रतीइतकीच चांगली फाइल मिळते. स्ट्रीमिंगसाठी वितरकाकडे पाठवायचं ते पुढच्या आठवड्यात.

तेवढ्यात डेकवर एक कॅसेट भरून पाहते. फीत सेकंदाला 4.76 सेंटीमीटर सरकते, 28 मिनिटांना 28 मिनिटंच लागतात. बास टेपवर किती गोल होतो ते बघायचंय. ‘ब’ बाजू अजून रिकामी आहे. तिच्यासाठी झपताल घ्यायचा ठरवलाय. 10 आणि 16, म्हणजे 80 स्टेपला सम, दर 10 सेकंदांनी. झपतालाची सम भरीची. तेव्हा किकला तिथे पूर्ण मोकळीक, आणि काढून घ्यायची ती सहाव्या मात्रेला, झपतालाच्या खालीवर.